लॅपटॉप सोडा, आधी राउटर बघा (आणि 'डीएनएस चेंजर' खरंच बंद झाला होता का?)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ओळखीच्या साइट उघडताना मध्येच भलत्या जाहिरातींची पानं येतात, बँकेच्या पानावर ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देतो, अँटिव्हायरसला काही सापडत नाही. लॅपटॉप दोनदा फॉर्मॅट केलात, पण वायफायला जोडला की पुन्हा तेच, आणि आता फोनवरही तेच. शिवाय एक शंका: 'इंटरनेटची सेटिंग बदलणारा तो डीएनएस चेंजर व्हायरस एफबीआयने २०१२ सालीच बंद केला होता ना?'

आधी कामाचं सांगतो, इतिहास नंतर.

लॅपटॉप तिसऱ्यांदा फॉर्मॅट करू नका. फॉर्मॅट केलेल्या यंत्रात डीएनएसचं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचं) जुनं सेटिंग उरतच नाही. वायफायला जोडल्यावर समोरून डीएनएसचा जो पत्ता मिळेल तो ते मुकाट्याने घेतं. फोन आणि लॅपटॉप या दोन वेगळ्या जातीच्या यंत्रांना एकाच वेळी एकच रोग झालेला दिसतो, तेव्हा तो बहुतेक त्यांच्यात नसतो. दोघं ज्या नळाचं पाणी पितात त्या नळात असतो. खात्री करायला दोन मिनिटं पुरतात: फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर त्याच साइट उघडा. नीट उघडल्या तर फोन निर्दोष, दोषी बहुतेक राउटर.

डीएनएसचं काम तुम्हाला ठाऊक असेलच: आपण साइटचं नाव देतो, तो तिचा आकडी पत्ता सांगतो. ज्याला वाट विचारायची त्यानेच भलत्या गल्लीत पाठवलं तर गाडी कितीही चांगली असून उपयोग नाही. अँटिव्हायरस मात्र गाडीच तपासत बसतो. त्याला काही सापडत नाही, कारण गाडीत काही नसतंच.

हे मी आता शहाणपणाने सांगतोय, पण नात्यातल्या एका घरी हाच प्रकार झाला तेव्हा मी अख्खी संध्याकाळ लॅपटॉप स्कॅन करण्यात घालवली होती. शेवटी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. युजरनेम 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. डीएनएसच्या रकान्यात दोन पत्ते होते. दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक सर्व्हर. तो ओळखीचा आकडा दिसला आणि मी 'हे तर ठीक आहे' म्हणून पान बंद केलं. पहिला पत्ता वाचलाच नाही. अर्ध्या तासाने पुन्हा उघडलं तेव्हा लक्षात आलं की पहिला पत्ता ना इंटरनेट कंपनीचा होता, ना कुठल्या सार्वजनिक सेवेचा. दुसऱ्या जागी खरा पत्ता ठेवणं ही अशा चोरांची जुनी युक्ती आहे. चोराचा सर्व्हर कधी पडलाच तर दुसरा काम करतो, नेट चालू राहतं आणि घरात कुणाला संशय येत नाही. म्हणून दोन्ही पत्ते आकडा न् आकडा वाचा.

आणि दोन ठिकाणी वाचा. बहुतेक राउटरमध्ये एक डीएनएस 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या भागात असतो. तो राउटर स्वतः वापरतो. दुसरा 'डीएचसीपी' किंवा 'लॅन' भागात असतो, तो घरातल्या यंत्रांना वाटला जातो. पहिला साफ करून दुसरा विसरलेले लोक मी बरेच पाहिलेत.

राउटरमध्ये शिरतात कसे? कुणाला तुमच्या दारापर्यंत यावं लागत नाही. सिमँटेक ही अँटिव्हायरस कंपनी आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलं होतं की एखादं वेबपान नुसतं उघडलं तरी त्यातला कोड तुमच्याच ब्राउझरकरवी तुमच्या राउटरला 'डीएनएस बदल' असा आदेश देऊ शकतो. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असला की झालं. ब्राउझर घरातलाच, त्यामुळे राउटरला संशय यायचं कारण नाही. काही मॉडेलमध्ये तर फर्मवेअरमधल्या (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे पासवर्डही लागत नव्हता. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास अशाच एका चुकीचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख डीएसएल मोडेमचे (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या डब्यांचे) डीएनएस बदलले गेले. लोकांचे संगणक स्वच्छ होते, तरी बँकेच्या नावाने खोटी पानं उघडत होती.

राउटरमध्ये सगळं बरोबर दिसलं तर एक कमी माहीत असलेली शक्यता उरते. डीएनएस चेंजरचा एक अवतार डिसेंबर २००८ मध्ये सापडला होता, तो बाधित संगणकावर स्वतःचा डीएचसीपी सर्व्हरच (नेटवर्कवरच्या यंत्रांना पत्ता आणि डीएनएस वाटणारा) चालू करायचा. नवीन यंत्र नेटवर्कवर आलं की 'मला पत्ता द्या' अशी हाक देतं. तिला राउटरने उत्तर द्यायचं असतं, पण हा पठ्ठ्या राउटरच्या आधी उत्तर द्यायचा प्रयत्न करायचा. शर्यत जिंकला की त्या यंत्राला चोराचा डीएनएस मिळाला. म्हणजे घरातला एक जुना डेस्कटॉप बाधित, आणि भोगणार नुकताच फॉर्मॅट केलेला लॅपटॉप! हे पकडणं सोपं आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' (ipconfig /all) चालवा आणि 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ बघा. तिथे राउटरचाच पत्ता हवा. दुसरा कुठला दिसला तर तो कोणत्या यंत्राचा आहे ते शोधा आणि ते यंत्र आधी नेटवर्कवरून काढा.

आता तुमच्या शंकेकडे. ती रास्त आहे, पण 'बंद केला' या शब्दात बरंच काही दडलंय.

मूळ डीएनएस चेंजर साधारण २००७ पासून फिरत होता. व्हिडिओ बघायचा तर हा कोडेक (व्हिडिओ चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाका, असं सांगून तो गळ्यात मारला जायचा. मॅकसाठीही वेगळी आवृत्ती होती, आणि ती मला नेहमी चिवटपणाचा नमुना वाटते: ती दर मिनिटाला चालणारं एक काम पेरून ठेवायची, ते डीएनएस तपासायचं आणि तुम्ही दुरुस्त केलेला असला तर पुन्हा बदलायचं. तेव्हा मॅक म्हणजे व्हायरसची चिंता नाही असं छातीठोकपणे सांगितलं जायचं, त्यामुळे तिकडे कुणी बघतही नसे.

यामागे एस्टोनियातल्या तार्तू शहरातली रोव्ह डिजिटल ही कंपनी होती, प्रमुख व्लादिमीर त्सास्त्सिन. कमाई जाहिरातींतून. तुम्ही शोधाच्या निकालात एका दुव्यावर क्लिक करणार, उघडणार दुसरीच साइट, आणि त्या क्लिकचे पैसे यांना. किंवा साइट खरीच, पण तिच्यावरची जाहिरात यांनी बदललेली. अमेरिकी आरोपपत्रानुसार असे किमान १ कोटी ४० लाख डॉलर जमवले गेले. शंभराहून अधिक देशांत मिळून सुमारे ४० लाख संगणक बाधित होते, त्यातले पाच लाखांच्या आसपास अमेरिकेत, नासाचेही त्यात. अँटिव्हायरसचे आणि विंडोजचे अपडेट हा मालवेअर अडवायचा, म्हणजे बाधित यंत्राला बाकीचे व्हायरसही खुशाल लागायचे. नुसत्या जाहिरातींचा मामला म्हणून याला हलकं समजू नये ते यासाठी.

नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआय आणि एस्टोनियन पोलिसांनी 'ऑपरेशन घोस्ट क्लिक' केलं. एस्टोनियात सहा जणांना अटक झाली, न्यूयॉर्क आणि शिकागोच्या डेटा सेंटरमधले सर्व्हर जप्त झाले. आणि इथेच खरा पेच आला. चोराचे सर्व्हर तसेच बंद केले असते तर त्या लाखो लोकांचं इंटरनेट त्याच क्षणी गेलं असतं, कारण त्यांची यंत्रं पत्ते विचारायला तिथेच जात होती. चोर पकडला, पण शिक्षा गिऱ्हाइकाला! म्हणून न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाच्या परवानगीने इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या ना-नफा संस्थेने त्याच पत्त्यांवर प्रामाणिक उत्तरं देणारे सर्व्हर बसवले. बाधित माणसाला काही कळलंच नाही; कालपर्यंत खोटं सांगणारा त्याच खुर्चीतून आज खरं सांगू लागला. मुदत ८ मार्च २०१२ पर्यंत होती. तोवर पुरेशी यंत्रं साफ झाली नाहीत म्हणून ती ९ जुलैपर्यंत वाढवली.

मधल्या काळात बाधितांना शोधून सांगायचं कसं? त्यासाठी काढलेली तपासणीची पानं मला फार आवडली होती. एकाच नावाची साइट, पण तात्पुरते सर्व्हर त्या नावाचा एक पत्ता सांगायचे आणि बाकी जगाचे डीएनएस दुसरा. त्यामुळे बाधित यंत्रावर लाल पान उघडायचं, स्वच्छ यंत्रावर हिरवं. काही डाउनलोड करायला नको, ज्या खोडीने चोरी झाली तीच खोडी निदानाला वापरली. त्यातही एक गंमत होती. काही इंटरनेट कंपन्या चोराच्या पत्त्यांकडे जाणारी विचारणा परस्पर स्वतःच्या सर्व्हरकडे वळवायच्या, तेव्हा यंत्र बाधित असूनही पान हिरवं दिसायचं. मे २०१२ मध्ये गूगलनेही बाधितांना शोधाच्या पानावर वरच इशारा द्यायला सुरुवात केली.

९ जुलैला सर्व्हर बंद झाले तेव्हा जगभरात दोन लाखांवर यंत्रं शिल्लक होती. बातम्यांनी 'इंटरनेटचा प्रलय' वगैरे मथळे चालवले होते, प्रत्यक्षात दिवस शांततेत गेला. माझं मत विचाराल तर पहिली मुदत योग्य होती, वाढवलेली कमी. आठ महिने सगळं सुरळीत चालल्यावर 'तुमचं यंत्र बाधित आहे' हे कुणाला पटणार? शेवटी अनेकांनी हालचाल केली असेल ती नेट बंद पडल्यावरच. अर्थात बाधितांमध्ये सरकारी कार्यालयं आणि मोठ्या कंपन्याही असताना मार्चमध्येच बटण दाबायची हिंमत मी केली असती, असं म्हणवत नाही. त्सास्त्सिनला २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ८७ महिन्यांची कैद सुनावली.

तर बंद झाले ते त्या एका टोळीचे सर्व्हर. युक्ती सगळ्यांना माहीत झालेली, ती कोण जप्त करणार? तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्याच कुणाचं काम आहे. म्हणूनच २०१२ सालच्या वाईट पत्त्यांच्या याद्या शोधून आपला डीएनएस त्यांच्याशी जुळवत बसू नका. त्यातले पत्त्यांचे काही गट त्याच वर्षी रीतसर दुसऱ्यांना दिले गेले. यादीत सापडला म्हणून पत्ता वाईट नाही, आणि नाही सापडला म्हणून चांगला तर मुळीच नाही.

आता सफाई. राउटरची इंटरनेटची वायर काढा. मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. त्याआधी कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तो लिहून ठेवा, नाहीतर रात्री अकरा वाजता ग्राहक सेवेच्या रांगेत बसाल. वायर परत लावण्यापूर्वी राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला (वायफायचा वेगळा, हा वेगळा, लोक हमखास गल्लत करतात) आणि बाहेरून नियंत्रण करू देणारं 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. मग वायर लावा आणि फर्मवेअर अपडेट करा. कंपनीने तुमच्या मॉडेलचे अपडेट थांबवले असतील तर राउटर बदला, कारण भोक तसंच राहिलं तर पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल. नंतर लॅपटॉपवर साठवलेले जुने पत्ते पुसायला 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns) चालवा, फोन वायफायवरून काढून पुन्हा जोडा.

कुणी सांगेल की एवढं कशाला, लॅपटॉपवर हाताने ८.८.८.८ टाका. त्याने लक्षण जाईल, राउटर चोराच्याच हातात राहील. ब्राउझरमधला 'सुरक्षित डीएनएस' चालू केला तरी तसंच: ब्राउझर सुधारल्यासारखा वाटेल, बाकीची अ‍ॅप्स जुन्याच वाटेने जातील.

बँकेच्या पानावरचा तो सर्टिफिकेटचा इशारा ओलांडून कधी पुढे गेला होतात का? तो इशारा खरा होता: नाव बँकेचं, सर्व्हर दुसऱ्याचा. एकदा जरी लॉगिन केलं असेल तर पासवर्ड आत्ताच बदला, पण मोबाइल डेटावरून, या वायफायवरून नाही. ईमेलचाही बदला.

आणि रीसेट करण्याआधी राउटरच्या दोन्ही भागांतले डीएनएस पत्ते आणि लॅपटॉपवरची ती 'डीएचसीपी सर्व्हर' ओळ इथे लिहा. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर कनेक्शनचा युजरनेम आणि बाहेरचा आयपी पत्ता झाकून टाका.