बोलक्या बाहुल्या: फोम, गोंद आणि जबडा

प्रश्न: वर्गात गोष्टी सांगण्यासाठी फोमची बाहुली करायला घेतली. पट्टीच्या वरच्या कडेला त्रिकोण कापून डोकं जोडलं, तर ते गोल न होता टोकदार झालं. सांधे पांढऱ्या फेविकॉलने चिकटवले होते, तेही पावसाळ्यात सुटू लागले. काय चुकलं?
– प्राथमिक शिक्षिका, भांडुप

उत्तर: आधी आकाराचं बघू. सरळ कडांचे त्रिकोण जोडले की शंकूच होणार. गोल डोक्यासाठी पाकळीच्या कडा बाहेरून फुगीर हव्यात. 24 इंच लांब, 9 इंच रुंद फोमची पट्टी घ्या. खालचे 3 इंच अखंड ठेवा आणि वरच्या 6 इंचांत सहा पाकळ्या आखा. प्रत्येक पाकळी तळाशी 4 इंच रुंद, 3 इंच उंचीवर पावणेतीन इंचांहून किंचित जास्त, साडेचार इंचांवर दीड इंच आणि टोकाला शून्य. या खुणा हलक्या वळणाने जोडा. सरळ कापलेल्या त्रिकोणात मध्यावर दोनच इंच उरतात. गोलाई येते ती त्या वरच्या पाऊण इंचामुळे. आधी कार्डपेपरवर कापून, चिकटपट्टीने जोडून बघा. हा कागदी नमुना जपून ठेवा, म्हणजे पुढचं डोकं तासाभरात कापून होईल.

फोम अर्धा इंच जाडीचा, 28 ते 32 डेन्सिटीचा मागा. गाद्या-सोफे करणाऱ्यांकडे याचे तुकडे स्वस्तात मिळतात. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातला पांढरा पॅकिंगचा फोम चालत नाही. तो वळवला की घडी पडते आणि ती जात नाही.

कापताना कात्री नको. कात्रीत फोम चेपला जातो आणि सोडल्यावर कड आत वळलेली निघते. कटरला नवं पातं लावा, लांब बाहेर काढा, ते फोमला अगदी काटकोनात धरा आणि न दाबता दोन-तीन वेळा ओढून कापा. पातं तिरकं झालं की कड तिरकी होते, मग सांध्यावर उंचवटा येतो आणि कापड चढवल्यावरही तो दिसत राहतो. पातं अडखळायला लागलं की लगेच पुढचा तुकडा मोडून घ्या. यात काटकसर करू नये.

आता गोंद. पांढरा फेविकॉल पाण्यातला असतो. फोम ते पाणी धरून ठेवतो, मुंबईच्या जुलैत आतपर्यंत वाळणं कठीण, आणि वाळलाच तर सांधा कडक होऊन वाकवताना फाटतो. हॉट ग्लूनेही तशाच कडक गाठी होतात. सोफावाले वापरतात तो सिंथेटिक रबरचा गोंद घ्या. दुकानात ‘एसआर’ म्हटलं की कळतं. दोन्ही कडांना पातळ थर द्या. पहिला थर फोम पिऊन टाकतो, म्हणून तो सुकल्यावर दुसरा द्या. बोट टेकवल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, इतपत सुकू द्या (कोरड्या हवेत साधारण 10 मिनिटं) आणि मग कड कडेला भिडवून दाबा. ओलसर असतानाच जोडलं तर सांधा घसरतो. एकदा टेकलेली कड सुटत नाही, म्हणून टोकाकडून सुरू करून इंच-इंच पुढे या.

पावसाळ्यात एक गोष्ट हमखास होते. गोंदातला द्रावक (सॉल्व्हंट) उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि गोंदावर पांढुरका पडदा येतो. तसाच जोडलेला सांधा दोन दिवसांत उघडतो. पडदा आला तर थांबा, तो पूर्ण जाऊ द्या, वरून आणखी एक पातळ थर द्या आणि मग जोडा. हा गोंद पेट घेतो आणि त्याचा वास डोक्यात जातो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस-उदबत्ती नको, आणि हे काम मुलांना करायला देऊ नका. मुलांनी डोळे-केस लावावेत.

प्रश्न: एकांकिकेसाठी बाहुली केली आहे. बोलताना जबडा हलण्याऐवजी अख्खं डोकंच मान हलवल्यासारखं वर-खाली होतं, आणि पाच मिनिटांत मनगट भरून येतं.
– महाविद्यालयीन विद्यार्थी, परळ

उत्तर: अर्धवटरावाचा जबडा आतल्या कळीने चालतो; तुमच्या बाहुलीत तुमचा अंगठा हाच जबडा आहे. तो मोकळा नसेल तर बोटं वर उचलली जातात आणि डोकं डोलतं. बहुतेक वेळा दोष कापडात असतो. तोंड मिटलेलं ठेवून कापड चढवलं की गालाशी ते ताणून बसतं आणि अंगठ्याला दर शब्दाला ओढ काढावी लागते. गालाची शिवण उसवा, तोंड पूर्ण उघडं धरून पुन्हा शिवा. मिटल्यावर कोपऱ्याशी थोडी चुणी पडेल, ती पडू द्या.

तरीही जड वाटलं तर तोंडाची पट्टी बघा. ती एकाच पुठ्ठ्याला घडी घालून केली असेल तर घडी परत उघडायला बघते, शिवाय हाताच्या घामाने पुठ्ठा मऊ पडतो. वरचा आणि खालचा असे दोन वेगळे तुकडे 2-3 मिमी जाडीच्या रबर शीटचे कापा. चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानात, म्हणजे कुर्ल्याला ठक्कर बाप्पा कॉलनीच्या बाजूला, असं शीट बघा. दोन्हींमध्ये 3 मिमी फट ठेवून वरून-खालून कॅनव्हासची पट्टी चिकटवा, की बिजागरी झाली. सनपॅक (फलकांना वापरतात ती पोकळ प्लॅस्टिकची शीट) वापरू नका, त्यावर एसआर गोंद धरत नाही. चार बोटांवर आणि अंगठ्यावर इंचभर रुंदीचं इलॅस्टिक घट्ट बसवा, म्हणजे मूठ आवळून धरावी लागणार नाही.

सराव करताना वरची बोटं स्थिर ठेवा आणि अंगठा खाली सोडा. तोंड दर उच्चाराला उघडतं, अक्षराला नाही: न-मस्-कार, तीनदाच, आणि त्यात ‘कार’ला सगळ्यात मोठं. नवशिके नेमके उलटे, उच्चाराला तोंड मिटतात. मनगट थोडं पुढे वाकवा, नाहीतर बाहुली छताकडे बघत बोलते.

प्रश्न: बाहुलीवर चढवायचं फ्लीस (मऊ, लवदार पॉलिएस्टर) कापड कुठे मिळेल? शिवण लपवायची कशी?
– गृहिणी, डोंबिवली

उत्तर: मुंबईत थंडीच नसल्याने फ्लीस कमी दिसतं. मंगळदास मार्केट किंवा हिंदमाताला विचारा. नाहीतर एकरंगी फ्लीसचं सिंगल ब्लँकेट घ्या, दोन बाहुल्या सहज होतात. रंग हवा तोच निवडा, कारण पॉलिएस्टरला सुती कापडाचे रंग चढत नाहीत. कापड दोन्हीकडे ओढून बघा: जास्त ताणलं जातं ती बाजू डोक्याभोवती आडवी यावी. लव वरून खाली.

शिवण उलट्या बाजूने, दोन कडा एकमेकींना भिडवून, 3 मिमी अंतरावर एक टाका इकडे एक तिकडे अशी घाला. चार-पाच टाक्यांनंतर दोरा ओढा. मग सुईच्या टोकाने अडकलेली लव बाहेर काढा. शिवण दिसत नाही.

प्रश्न: डोळे निर्जीव दिसतात.
– वाचक, दादर

उत्तर: बुब्बुळं अगदी मध्यावर लावली असतील. ती नाकाकडे किंचित सरकवा, मग नजर समोरच्या माणसावर ठरते. टेबल टेनिसचा 40 मिमी चेंडू अर्धा कापून डोळे होतात. अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या 1955च्या केर्मिट या बाहुलीचे डोळेही टेबल टेनिसच्याच चेंडूचे होते. काळ्या रेक्झिनची 10-12 मिमीची चकती आधी डिंकाच्या गोळीने तात्पुरती लावा, सहा फुटांवरून मोबाइलवर फोटो काढा, सरकवा, पुन्हा काढा. पटलं की पक्की चिकटवा.

प्रश्न: बाहुली धुवायची की नाही?
– वाचक, ठाणे

उत्तर: पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते, म्हणून सुती पिशवीत, वर वजन न ठेवता, तोंड मिटून ठेवा.