ढीग, चळत आणि टेकाड: इंग्रजी शब्द निवडताना

ढीग आणि टेकाडांसाठीचे इंग्रजी शब्द निवडताना शब्दकोशातील 'ढीग' या एका अर्थावर विसंबू नका, कारण 'हीप' म्हणजे कसाही पडलेला ढिगारा, 'स्टॅक' म्हणजे एकावर एक नीट रचलेली चळत किंवा थप्पी, आणि 'पाइल' हा शब्द या दोहोंच्या मधला असून रचलेल्या व न रचलेल्या दोन्ही ढिगांना चालतो. 'माउंड' मात्र बहुधा मातीचा. इंग्लंडमधील सटन हू येथे 1939 साली ज्याच्या पोटात जहाजासह दफन सापडले, तो उंचवटा माउंडच होता. अशा दफनाच्या उंचवट्याला 'बॅरो' असेही म्हणतात, पण हातगाडीच्या 'बॅरो'शी त्याचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही.

सर्वांत फसवा शब्द 'डाउन'. दक्षिण इंग्लंडमधील 'साउथ डाउन्स' ही सखल जमीन नसून खडूच्या दगडाच्या टेकड्यांची रांग आहे, कारण जुन्या इंग्रजीत 'दून' म्हणजे टेकडी. आणि 'टेकडीवरून' या अर्थाच्या शब्दप्रयोगाची झीज होऊनच 'खाली' या अर्थाचा 'डाउन' तयार झाला. (मला स्वतःला ही व्युत्पत्ती कळेपर्यंत तो नकाशातला विनोदच वाटत असे.) 'नोल' आणि 'हिलक' या दोन्हींसाठी 'टेकाड' पुरते.