सांतो दोमिंगोतल्या पडक्या सान निकोलास दे बारी रुग्णालयाचा इतिहास काय आहे?

डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीतलं हे रुग्णालय म्हणजे युरोपीयांनी अमेरिका खंडात काढलेलं पहिलं रुग्णालय. स्पॅनिश गव्हर्नर निकोलास दे ओवांदोने 1503 मध्ये ते गोरगरिबांसाठी सुरू केलं आणि नाव दिलं आपल्याच नावाच्या संताचं! (हीच हौस आजही दिसते म्हणा.)

पण मला जास्त भावते ती त्याआधीची गोष्ट. परंपरा सांगते की, याच जागी एक कृष्णवर्णीय बाई आपल्या झोपडीत निराधार आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. तिचं नाव कुठे टिकलं नाही, गव्हर्नरचं मात्र टिकलं.

दगडी इमारत नंतर, सोळाव्या शतकातच उभी राहिली. आराखडा क्रुसाच्या आकाराचा, रुग्णकक्षांना लागूनच चर्च, म्हणजे खाटेवरून प्रार्थना ऐकू यावी. 1586 मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटलं. अठराव्या शतकात रुग्णालय ओस पडलं, आणि 1911 मध्ये रस्त्यावरच्या लोकांना धोका नको म्हणून बराचसा भाग पाडूनच टाकला. आता विटांच्या उंच कमानी उरल्यात, वर छप्पर नाही, आणि कबुतरं मात्र भरपूर. 1990 पासून हा जुना शहरभाग जागतिक वारसा यादीत आहे.