लढाईआधीची साडेसात मिनिटे

वाचकांचे प्रश्न : संगणक-खेळ

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी प्रकारच्या खेळांविषयी, म्हणजे ज्यांत पाळी नसते आणि दोन्ही खेळाडू एकाच वेळी आपापले राज्य उभारतात व लढतात त्या खेळांविषयी, गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या नव्या, म्हणजे २०१९ साली आलेल्या डेफिनिटिव्ह आवृत्तीविषयी आहेत. त्यामुळे उत्तरांतले आकडे त्याच खेळाचे आहेत. ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्यांना पद्धत तीच ठेवता येईल, आकडे मात्र त्यांच्या खेळाचे घ्यावे लागतील.

प्रश्न : मी बेळगावात टिळकवाडीला राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर रँकचे, म्हणजे हार-जितीवर रेटिंग ठरणारे, सामने खेळतो आहे. रेटिंग ९००च्या आसपास अडकून बसले आहे. रोज तीन-चार सामने होतात, नामवंत खेळाडूंचे सामनेही मी नियमाने पाहतो. तरीही विसाव्या मिनिटाच्या सुमारास समोरच्याचे नाइट (चिलखती घोडेस्वार) येतात आणि माझे सैन्य कापून काढतात. लढाईत सैन्य हलवण्याचा सराव कसा करावा? हरलेल्या तीन सामन्यांचे रिप्ले (पुन्हा पाहता येणाऱ्या नोंदी) सोबत पाठवले आहेत. – एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : रिप्ले पाहिले. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. या तिन्ही सामन्यांत आपले सैन्य चुकीचे हलले म्हणून आपण हरलेला नाहीत. समोरच्याकडे नाइट जास्त होते म्हणून हरलात, आणि ते जास्त का होते याचे कारण विसाव्या मिनिटात सापडत नाही. ते पहिल्या दहा मिनिटांत आहे.

दुसऱ्या सामन्याचाच हिशेब मांडू. टाउन सेंटर या मुख्य इमारतीत एक व्हिलेजर, म्हणजे अन्न-लाकूड जमवणारा आणि घरे बांधणारा कामकरी, तयार व्हायला २५ सेकंद लागतात. सुरुवातीला तीन व्हिलेजर आणि एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) असे चौघे असतात. आपण २१ लोकसंख्येवर फ्यूडल एजचे, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या युगात जाण्याचे, बटण दाबता, म्हणजे तोवर १७ नवे व्हिलेजर आणि लूमचे (व्हिलेजरना अधिक टिकाऊ करणारे, तेही २५ सेकंदांचे) संशोधन व्हावे लागते. टाउन सेंटर एक क्षणही रिकामे राहिले नाही, तर याला बरोबर ४५० सेकंद लागतात, म्हणजे खेळाच्या घड्याळात ७:३०. आपण बटण दाबले ९:२० ला. मधली ११० सेकंदे टाउन सेंटर नुसते उभे होते.

ती कुठे गेली तेही रिप्लेमध्ये दिसते. टाउन सेंटर पाच जणांची सोय करते आणि प्रत्येक घर आणखी पाच जणांची. आपण दोन घरे वेळेवर बांधलीत, त्यामुळे मर्यादा १५ झाली. ४:३५ ला लोकसंख्या १५ भरली आणि तिसऱ्या घराचा पत्ता नव्हता. ते पूर्ण होईपर्यंत ५:१५ झाले. पुढे मेंढ्या संपत आल्या तरी रानडुक्कर आणायला कोणी गेले नव्हते; व्हिलेजरसाठी लागणारे ५० अन्न जमेपर्यंत आणखी अर्धा मिनिट गेला. उरलेली चाळीस सेकंदे आपण प्रतिस्पर्ध्याच्या दोन मेंढ्या पळवण्यासाठी स्काउटच्या मागे लागला होता. मेंढ्या मिळाल्या, हे मान्य आहे. पण तेवढा वेळ नजर घराकडे गेलीच नाही.

११० सेकंद म्हणजे चार व्हिलेजर. येण्याजाण्यात जाणारा वेळ धरूनही एक व्हिलेजर मिनिटाला साधारण वीस एकक अन्न, लाकूड वा सोने जमवतो. चौघांचे दहा मिनिटांचे काम म्हणजे ८०० एकक. एका नाइटला ६० अन्न आणि ७५ सोने लागते. म्हणजे जवळजवळ सहा नाइट आपण लढाई सुरू होण्याच्या कितीतरी आधीच समोरच्याला देऊन टाकले होते. शिवाय हा तोटा तेवढ्यावर थांबत नाही, कारण कॅसल एजलाही, म्हणजे नाइट मिळतात त्या तिसऱ्या युगातही, आपण उशिराच पोहोचता.

म्हणून सरावाची सुरुवात इथून करावी. एकट्याचा सामना लावावा, नकाशा अरेबिया, समोर सर्वांत सोपा संगणक आणि वेग रँकच्या सामन्यांचा, म्हणजे १.७ पट. फ्यूडलचे बटण दाबेपर्यंतच खेळावे, वेळ वहीत लिहावी, सामना बंद करावा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. या वेगाने खेळातली साडेसात मिनिटे प्रत्यक्षात साडेचार मिनिटांच्याही आत संपतात, त्यामुळे तासाभरात आठ-दहा वेळा सहज होते. आपल्याकडच्या तालमीत पैलवान रोज फडातली कुस्ती मारत नाही. एकच डाव धरून तो घोटून घेतो. आपले रोजचे तीन-चार सामने म्हणजे रोजची फडातली कुस्ती आहे. त्यात पहिली साडेसात मिनिटे दिवसातून तीन-चारदाच वाट्याला येतात, आणि तीही समोरच्याच्या दडपणाखाली.

वहीत फक्त वेळ लिहून भागणार नाही, उशीर का झाला तेही एका ओळीत लिहावे : घर राहिले, डुक्कर उशिरा आणले, लूमला सोने असूनही विसरलो. चार दिवसांत आपली ठरलेली चूक आपल्याला दिसू लागेल. बहुतेकांची एक किंवा दोनच असतात. वेळ सातत्याने ७:४५च्या आत येऊ लागली की मग सराव अवघड करावा : तेच सगळे करताना स्काउटने स्वतःच्या सगळ्या मेंढ्या आणि दोन्ही डुकरे शोधायची, आणि प्रतिस्पर्ध्याच्या वस्तीभोवती एक पूर्ण फेरी मारायची. खरी परीक्षा इथे आहे, कारण नजर दुसरीकडे असताना टाउन सेंटर चालू ठेवणे हेच या खेळाचे मूळ कसब आहे. खेळात ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सरावाचे धडे दिलेले आहेत, त्यांत सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा धडा वेळ मोजून पदक देतो. तोही उपयोगी आहे, पण वहीची जागा तो घेऊ शकत नाही.

महिनाभर एकच संस्कृती (खेळाआधी निवडायचा समाज) आणि एकच सुरुवात ठेवावी. आपल्याला स्काउट आणि नंतर नाइट खेळायचे असतील तर फ्रँक्स घ्यावेत; त्यांचे घोडेस्वार अधिक मार सोसतात आणि त्यांचे व्हिलेजर बेरी लवकर वेचतात. २०२२च्या एप्रिलमध्ये आलेल्या विस्तारानंतर द्रविडियन, गुर्जर, बंगाली आणि हिंदुस्तानी अशा चार भारतीय संस्कृती उपलब्ध आहेत आणि आपल्या भागातल्या मुलांना त्याच घ्याव्याशा वाटतात, हे स्वाभाविक आहे. परंतु या चौघांपैकी कोणाकडेही नाइट नाहीत, आणि गुर्जरांची मेंढ्यांची सोयच निराळी आहे. शिकताना त्या टाळाव्यात. चिनी संस्कृतीही टाळावी. ती सहा व्हिलेजर घेऊन सुरू होते आणि वरचा सगळा हिशेब तिथे कोलमडतो.

आता रेटिंगविषयी. रँकची व्यवस्था आपल्या बरोबरीचाच प्रतिस्पर्धी शोधून देते, त्यामुळे आपण कितीही सुधारलात तरी निम्म्याच्या आसपास सामने हरणारच. आठवड्याचे रेटिंग पाहून सराव योग्य चालला आहे की नाही हे ठरवू नये, ते फ्यूडलच्या वेळेवरून ठरवावे. नामवंतांचे सामने जरूर पाहावेत, पण पाहताना एकदा लढाईवरची नजर काढून त्यांच्या टाउन सेंटरकडे पाहावे. सैन्य कसे हलवावे हा आपला मूळ प्रश्न त्यानंतर, साधारण दोन महिन्यांनी, पुन्हा विचारावा.

प्रश्न : माझी बोटे फार संथ चालतात. कोरियाचे खेळाडू मिनिटाला तीनशे क्रिया करतात असे वाचले. वयाच्या तिशीनंतर हा खेळ शिकण्यात अर्थ आहे का? – एक वाचक, शहापूर

उत्तर : आहे. वेगाचे महत्त्व आपल्याला वाटते तितके नाही, आणि याचा एक चांगला पुरावा यंत्राकडून मिळाला आहे. डीपमाइंड या कंपनीने ‘स्टारक्राफ्ट २’साठी तयार केलेल्या अल्फास्टार या प्रणालीने २०१९ साली सर्वोच्च, म्हणजे ग्रँडमास्टर दर्जा गाठला. तेव्हा तिच्यावर मुद्दाम बंधन घातले होते : पाच सेकंदांत जास्तीत जास्त २२ क्रिया, आणि माणसाप्रमाणेच नकाशाचा एका वेळी एकच भाग पाहायचा. यंत्राला हात अमर्याद वेगाने चालवता आले असते. तसे न करताही ते जवळजवळ सर्व मानवी खेळाडूंच्या पुढे गेले. तज्ज्ञांच्या तीनशे क्रियांमधल्या अनेक तर एकाच जागी पुन्हा पुन्हा मारलेल्या क्लिक असतात.

आपला अडथळा बहुधा बोटांचा नसून माउसचा असेल. टाउन सेंटरकडे जाण्यासाठी नकाशा सरकवणे, मग त्यावर क्लिक करणे, मग खालचे चित्र शोधणे, यात तीन-चार सेकंद जातात. एच आणि व्हिलेजर तयार करण्याची कळ दाबून तेच काम क्षणात होते. पहिल्या आठवड्यात फक्त तीन कळा शिकाव्यात : टाउन सेंटरची, व्हिलेजर तयार करण्याची, आणि रिकामा बसलेला व्हिलेजर शोधण्याची. त्या हाताला बसल्यावर सैन्याच्या गटांना आकडे द्यावेत. सगळ्या कळांचा तक्ता एकदम पाठ करू पाहणारे चौथ्या दिवशी पुन्हा माउसकडे वळतात. आणि लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळत असाल तर आधी एक साधा, तारेचा माउस घ्यावा.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस इतका असतो की वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळतो. कधी सगळे सुरळीत चालते, कधी सैन्य आज्ञा ऐकतच नाही. – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातला ‘कधी’ हा खरा मुद्दा आहे. या खेळात प्रत्येक संगणक संपूर्ण युद्ध स्वतः मोजत असतो आणि जाळ्यावरून फक्त खेळाडूंच्या आज्ञा पाठवल्या जातात. म्हणूनच तो कमी वेगाच्या इंटरनेटवरही चालतो. आज्ञा दिल्यापासून ती अमलात येईपर्यंत थोडा वेळ जातोच. मूळ खेळाच्या निर्मात्यांना त्या काळी चाचण्यांत असे आढळले होते की पाव सेकंदाचा उशीर खेळाडूंच्या लक्षातही येत नाही. उशीर एकसारखा असेल तर हात त्या लयीला सरावतात. तो सारखा कमी-जास्त होत राहिला की मात्र खेळाडू गोंधळतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेमके हेच होते. त्यामुळे जास्त वेगाचा डेटा प्लॅन घेऊन फारसा फरक पडणार नाही. फोन खिडकीपाशी एका जागी ठेवावा, वाय-फायऐवजी यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडावा, आणि त्या वेळी घरातला दुसरा कोणताही फोन त्या हॉटस्पॉटवर नसावा.

पावसाळ्यात रँकचे सामने खेळूच नयेत, असे माझे मत आहे. जोडणी तुटली की सामना हरल्यातच जमा होतो, आणि समोरच्या माणसाचाही वेळ वाया जातो. पहिल्या उत्तरातला सराव पूर्णपणे एकट्याने करायचा आहे. पावसाचे महिने त्याच्यासाठीच राखून ठेवावेत. वीज वरचेवर जात असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर खेळाचे ग्राफिक्स कमी करून सराव करता येतो.

प्रश्न : मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे, पुढे सीईटी आहे. तो म्हणतो की ई-स्पोर्ट्सला आता सरकारची मान्यता आहे आणि त्यात करिअर होते. त्याचे म्हणणे कितपत खरे मानावे? – एक पालक, निपाणी

उत्तर : पहिला भाग खरा आहे. २०२२च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला, आणि २०२३ साली हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याची पदकेही दिली गेली. परंतु त्या पदकांच्या यादीत रणनीतीचा हा प्रकार नव्हता. २०१८ साली जकार्ताला ‘स्टारक्राफ्ट २’ होता, पण तो केवळ प्रदर्शनापुरता. आपल्या देशात ज्या खेळांभोवती पैसा आणि प्रेक्षक आहेत ते प्रामुख्याने मोबाइलवरचे नेमबाजीचे खेळ आहेत. मुलगा जो खेळ खेळतो त्यात भारतात राहून पोट भरण्याची शक्यता अत्यंत कमी आहे, आणि हे त्याला स्पष्ट सांगावे. त्याच वेळी, तो पैसे लावून खेळत नाही ना एवढे पाहून घ्यावे. २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे ठेवले आहे.

खेळ पूर्ण बंद करण्याची मात्र गरज दिसत नाही. परीक्षेच्या वर्षात रोज अर्धा तास एकट्याचा सराव आणि रविवारी एक-दोन सामने एवढे ठरवून द्यावे. एकट्याचा सराव केव्हाही मधेच सोडता येतो, त्यामुळे अभ्यासाला उठवताना वाद होत नाही. रँकच्या सामन्याचे तसे नाही. तो कधी वीस मिनिटांत संपतो, कधी पाऊण तास चालतो, आणि मधेच उठले तर हरल्याची नोंद होते. तेव्हा रविवारी जेवायला हाक मारण्याआधी सामना सुरू आहे का ते विचारावे, आणि जेवणाची वेळ झाल्यावर नवा सामना सुरू करायचा नाही, हे मुलाकडून कबूल करून घ्यावे.