ती पाइप का चावते?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझ्याकडे डुकरांच्या बारा माद्या आहेत. यॉर्कशायर आणि गावठी असा संकर. मादी गाभण ठरली की लोखंडी पिंजऱ्यात घालतो, पिल्लांचं दूध तोडेपर्यंत तिथेच. खुराक सकाळी एकदा, दोन किलो. दोन माद्या दिवसभर पाइप चावतात, तोंडाला फेस येतो. खांद्यावर जखमाही झाल्यात. जंताचं औषध पाजलं, फरक नाही. पिंजरा काढला तर पिल्लं अंगाखाली सापडून मरतील अशी भीती वाटते.
— एक वराहपालक, सावंतवाडी तालुका

उत्तर : जंतांवर खापर फोडू नका. दोन किलो खुराक ती पाव तासात फस्त करते. मग उरलेला दिवस करायचं काय? मोकळं डुक्कर दिवसभर माती उकरतं. तुमच्या मादीपुढे आहे फक्त पाइप. तोच खुराक दोनदा विभागून द्या आणि वर रताळ्याचा वेल, केळीचा खांब, हिरवा चारा, जे परसात असेल ते पोटभर टाका. खांद्याची जखम सिमेंटवर हाड घासून होते. ती धुऊन मलम लावा, पण खाली पेंढा नसेल तर पुन्हा होणारच.

११४ दिवस गाभण, वर महिनाभर पाजणं, म्हणजे जवळपास पाच महिने तिला मागे वळताही येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ असं कोंडणं गुन्हा मानतं. युरोपीय संघात २०१३ पासून गाभणपणाचा बहुतेक काळ माद्या कळपात मोकळ्या ठेवाव्या लागतात. तुम्हीही चार-पाच जणी एकत्र सोडा. पहिले एक-दोन दिवस भांडतील, खाताना मध्ये आडोसा द्या.

खरं सांगते, नोकरीत असताना असे पिंजरे बसवायला मीच सांगत फिरले आहे. मग कुडाळजवळ एका घरी गेले होते. परसातली डुकरीण व्यायच्या आदल्या संध्याकाळी उडवीतला पेंढा तोंडाने ओढून नेत होती. वाळत घातलेलं लुगडंही तिने नेलं, म्हातारी मागून शिव्या घालतेय! सकाळी अकरा पिल्लं त्या लुगड्यावर. व्यायच्या आधी घरटं करायची ही ओढ पिंजऱ्यातल्या मादीलाही लागते. ती सिमेंट खरवडत राहते.

पिल्लांची भीती मात्र खोटी नाही. किलो-सव्वा किलोचं पिल्लू आणि दीडशे किलोंची आई. पहिले तीन दिवस खरे धोक्याचे. अडीच बाय तीन मीटरची खोली करा. भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर पाइपचा कठडा फिरवा. आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लाला निसटायला जागा राहते. कोपऱ्यात आडोसा करून बल्ब लावा. नव्या पिल्लाला ३२-३४ अंश ऊब लागते आणि तेवढ्या उबेत आई धापा टाकते, म्हणून बल्ब तिच्या अंगावर नको. पावसाळ्यात ही ऊब नसेल तर पिल्लं आईला बिलगतात आणि तिथेच चिरडतात. व्यायच्या दोन दिवस आधी भरपूर पेंढा टाका. एखादी फारच धसमुसळी निघाली, तर व्याल्यावर तीन दिवस अडवा, चौथ्या दिवशी सोडा. एवढं मी चालवून घेईन.

नवीन पाइप विकत आणू नका. पिंजरे कापून त्यांचेच कठडे होतील.