नेव्हीचा पायलट आणि जहाजाची शिडी

तुमचा प्रश्न असा: अकरावीतल्या भाचीला नेव्हीत पायलट व्हायचंय, घरचे म्हणतात "उडायचंच असेल तर एअर फोर्स बघ, नेव्हीत कसली विमानं?", आणि तिला पुढं ॲडमिरलपर्यंत जाता येतं का?

मी पंधरा वर्षं नेव्हीत होतो. अधिकारी नव्हे, विमानांवर काम करणारा सेलर. त्यातली बरीच वर्षं गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर गेली, आता सोलापुरात होटगी रोडला स्थायिक आहे. खालून वर बघणाऱ्याला अधिकाऱ्याचं करिअर जरा वेगळं दिसतं, ते सांगतो.

विमानं आहेत हो, आणि ती काही आजकाल आलेली नाहीत. कोचीचा हवाई तळ, आयएनएस गरुडा, १९५३ चा. दाबोळीला हंसा, विशाखापट्टणमला डेगा, तमिळनाडूत अरक्कोणमला राजाली, तिथं पाणबुड्या हुडकणारी पी-८आय. बाई म्हणून अडतं का, तर नाही. पहिली महिला पायलट डिसेंबर २०१९ मध्ये कोचीत झाली, आणि जुलै २०२५ मध्ये एका मुलीची फायटरसाठीही निवड झाली.

आता मुद्द्याचं. नेव्हीतला पायलट आधी खलाशी असतो. खडकवासल्याची एनडीए किंवा केरळातली एझिमलाची नौदल अकादमी इथून आलेला अधिकारी आधी जहाजावर पाठवला जातो, ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथं, उभं राहून रात्रीबेरात्री पहाऱ्याची पाळी करतो, मग छातीवर विंग्ज, म्हणजे पायलटचा बिल्ला, येतो. मग दहा-बारा वर्षं मनसोक्त उडणं. आणि मग एक दिवस पत्र येतं: अमुक जहाजावर रुजू व्हा. तिथं कित्येकांचा चेहरा उतरलेला पाहिलाय मी. पण वरची शिडी जहाजाचीच आहे. ज्याच्या हातात जहाज दिलं गेलं नाही, त्याला पुढं ॲडमिरलकी अवघड.

नौदलप्रमुख झालेल्या पायलटांकडे बघा. ताहिलियानी हे १९६१ मध्ये जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर विमान उतरवणारे पहिले भारतीय, १९८४ मध्ये प्रमुख झाले. अरुण प्रकाश यांना १९७१ च्या लढाईत वीरचक्र, पुढं सी हॅरियर लढाऊ विमानांची स्क्वाड्रन, पण नंतर अख्खी विमानवाहू विराटही त्यांच्या हाताखाली होती. २०१९ ला प्रमुख झालेले करमबीर सिंग तर हेलिकॉप्टरवाले. त्यांनी चालवलेल्या जहाजांत विजयदुर्ग, राणा, दिल्ली, आणि त्याआधी तटरक्षक दलाचं चाँदबीबी. (आपल्या सोलापूरचा किल्ला चाँदबीबीला लग्नात आंदण दिला होता, म्हणून हे नाव मी कधी विसरत नाही.)

बढतीचा हिशेब असा: साधारण तेरा वर्षं नोकरी झाली की निवडीशिवाय, नुसत्या वर्षांच्या हिशेबानं कमांडर होता येतं. त्यापुढं कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, सगळं निवडीनं. नौदलाच्या हवाई शाखेचे प्रमुख, ज्यांना आम्ही 'फोना' म्हणायचो, ते गोव्यातच बसतात, रिअर ॲडमिरल. तिथवर पोचेस्तोवर उडणं जवळजवळ संपलेलं असतं.

अपवाद आहेत. जानेवारी २०२० मध्ये आपलं नौदलाचं तेजस हे लढाऊ विमान विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर पहिल्यांदा उतरलं, तेव्हा कॉकपिटमध्ये कमोडोर जयदीप मावळणकर होते. एरवी त्या हुद्द्यावर फायली सरकवतात! पण ते टेस्ट पायलट. डेकवर उतरणं म्हणजे शेपटीचा आकडा ताणलेल्या तारेत अडकवणं. चाकं टेकताक्षणी पायलट इंजिन कमी करत नाही, पूर्ण जोरात करतो. कारण तार चुकली तर समोर समुद्र, पुन्हा उडायलाच हवं.

एक प्रसंग. हंसावर सकाळी एफओडी वॉक, म्हणजे धावपट्टीवरचा कचरा वेचायची फेरी, असायची. सगळ्यांनी एका रांगेत धावपट्टीवरून खाली मान घालून चालायचं, खडा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं, इंजिनात गेलं की लाखोंचं नुकसान. रांगेत सेलर, अधिकारी शेजारी शेजारी. आमचे कमांडर साहेब एकदा वाकले आणि गहू निवडावेत तसा नखभर वॉशर काढला. तो माझ्याच पाळीतला निघाला. साहेब काही बोलले नाहीत, वॉशर माझ्या तळहातावर ठेवून पुढं चालायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो.

आता भाचीसाठी. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीतून, पायलट होता येतं, पण ते दहा वर्षं, फार तर चौदा. ॲडमिरल व्हायचं तर एनडीए, नाहीतर जेईईच्या गुणांवर एझिमलाचं बीटेक. इथल्या एका क्लासवाल्यानं माझ्या पुतण्याला हा फरक सांगितलाच नाही, फी मात्र आगाऊ घेतली. दुसरं, पायलटची मशीनवरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात की ते दार बंद. त्यामुळं "बघू या कसं असतं ते" म्हणून जायचं नाही. रंगांधळेपणा आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. पाय, मांडी, बसल्यावरची उंची, हेसुद्धा मोजतात.

आणि तिला पोहता येतं का ते लिहा. कोचीत उडणाऱ्यांना हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात बसवून पाण्यात उलटं करतात, पट्टा सोडून बाहेर यायचं. येत नसेल तर क्लास नंतर, आधी या उन्हाळ्यात पोहायला घाला. गोव्याला जाणार असाल तर बोगमाळोचं नौदलाचं विमान-संग्रहालय दाखवून आणा. सोलापूरचं विमान मोपाला उतरतं, तिथून ते बरंच लांब पडतं, गाडीचं आधी ठरवून घ्या.