हजेरीपटावरून अंदाज बांधू नका

किती कामगारांचा कर्करोगकारक पदार्थांशी कामावर संपर्क येतो, याचा अंदाज काढायचा तर आधी तक्ता आखा: आडवे उद्योग, उभे कर्करोगकारक पदार्थ. प्रत्येक चौकटीत एकूण कामगार गुणिले त्या पदार्थाशी संपर्क येणाऱ्यांचे प्रमाण. गणित सोपं आहे, घोळ प्रमाणात होतो. परदेशातली टक्केवारी जशीच्या तशी उचलली की संपलं. तिथली करवत सहसा धूळ ओढणाऱ्या यंत्राला जोडलेली असते, ओशिवऱ्याच्या फर्निचरच्या गाळ्यात बहुधा फक्त पंखा फिरतो, आणि तो धूळ शेजारच्याच्या नाकात नेतो.

म्हणून कामाप्रमाणे मोजा, हुद्द्याप्रमाणे नाही. गाळ्यात 40 जण असतील तर करवत आणि पॉलिशपेपरवाले आधी येतीलच, पण संध्याकाळी कोरडा झाडू मारणारा पोऱ्या विसरू नका. लाकडाची बारीक धूळ त्यालाही भरपूर मिळते. मुंबईच्या दारूखाना बंदर भागात जहाज तोडणारे मजूर तर बहुतेक कंत्राटी; हजेरीपटावर शोधत बसलात तर जुन्या जहाजांतल्या ॲस्बेस्टॉसची चौकट जवळपास रिकामीच राहील. मुकादमाला विचारा.

संपर्काची तीव्रता काढताना वेळ धरा. 3 तास 2 मिलिग्रॅम प्रति घनमीटर धूळ आणि उरलेले 5 तास शून्य, तर 8 तासांची सरासरी 0.75. हवेचा नमुना घेणारा पंप कामगाराच्या कमरपट्ट्याला आणि त्याच्या नळीचं फिल्टर कॉलरजवळ लावा, खांबाला नव्हे.

स्टेनलेस स्टील जोडणारा एकच वेल्डर क्रोमियम आणि निकेल या दोन्ही चौकटींत येतो. चौकटींची बेरीज म्हणजे संपर्कांची संख्या, माणसांची नव्हे. अहवालात ही चूक सर्रास दिसते.